लपेल असा कॅमेरा

सोनपेठच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत हरिओमचा फोटो स्टुडिओ होता. पुढं काचेचं काउंटर, मधे निळ्या पडद्याची फोटो काढायची जागा आणि त्याच्यामागं, राहत्या घराला लागून, खिडकी नसलेली एक खोली. त्या खोलीत कॉम्प्युटरसमोर हरिओमची बायको राजेश्री बसायची. तालुक्यातली निम्मी लग्नं तिच्या हाताखालून जायची. नवरीच्या गालावरचा डाग पुसायचा, व्याह्यांच्या डोक्यातून उगवलेला मंडपाचा बांबू उडवायचा, कुणी डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायचे. बाजारात भाजी घेताना एखादी नवी सून समोर आली, की राजेश्रीला तिची हळद, तिची पाठवणी, तिची रुसून बसलेली आत्या सगळं आठवायचं. ती सून मात्र राजेश्रीला ओळखायची नाही. यातल्या एकाही लग्नाला राजेश्री गेलेली नव्हती.

आधी असं नव्हतं. तिला कॅमेरा धरायला हरिओमनंच शिकवलं होतं. तो बाहेरगावी असला की पासपोर्ट फोटो ती काढायची. काढताना गिऱ्हाइकाला गाव विचारायची, पोरंबाळं विचारायची. त्यामुळं पोलिसांनी धरून आणल्यासारखे चेहरे तिच्या फोटोत नसायचे. हळूहळू लोक येऊन विचारायला लागले, "वैनी हायत का? त्यांनाच काढू द्या की." एकदा कुणीतरी हे हरिओमच्या तोंडावरच म्हणालं. तो हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडता उघडता म्हणाला, "तू आतलं बघ आता. पुढं मी हाय." सासूला, तानुबाईला, सुनेचं काउंटरवर बसणं आधीपासून खुपत होतंच. राजेश्री उठली. आत जाऊन बसली ती बसलीच.

फोन होता तिच्याकडं. पण तो हरिओमचा जुना, त्याच्याच खात्यावर चालणारा. तिनं काही टिपलं की ते तिनं धड पाहायच्या आधी हरिओमच्या फोनवर जाऊन पडायचं. जेवताना तो विचारायचा, "ती समोरच्या गच्चीवरची बाई कामून काढलीस? कोण हाय ती?" त्याच्या आवाजात राग नसायचा, नुसती चौकशी असायची. तिनं फोननं फोटो काढायचं सोडून दिलं.

दिवाळीच्या आधी तिच्या धाकट्या भावाचा, जीवनचा, पुण्याहून फोन आला. चाकणच्या कारखान्यात तो नुकताच कायम झाला होता.

"अक्का, औंदा भाऊबीजेला साडी न्हाई. तुझ्या मनातलं सांग."

"कॅमेरा," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावर तिलाच दचकायला झालं.

"कंचा घ्यायचा ते तूच ठरव. मला त्यातलं काय कळतंय?"

तिला कळत होतं. कामातून उसंत मिळाली की ती आवाज बंद करून कॅमेऱ्यांचे व्हिडिओ पाहायची. तिच्यापुढं दोन होते. एक मुठीत मावणारा पॉकेट कॅमेरा. बंद केला की लेन्स पोटात घेऊन चपटा होणारा. दुसरा मोठा, मिररलेस म्हणतात तो, त्या जातीतला साधा, शिकणाऱ्यांसाठीचा. पण त्याचा सेन्सर मोठा, लेन्स बदलता येणारी, मंडपातल्या पिवळ्या मिणमिणत्या उजेडातही चेहरा स्वच्छ धरणारा. फोटोचाच विचार केला तर उत्तर सरळ होतं.

पण ती विचार करायची तो घराचा. मोठ्या कॅमेऱ्याला बॅग लागणार. बॅग ठेवायला जागा लागणार. जागेवरची बॅग हरिओमला दिसणार, आणि तो म्हणणार, बरं झालं, सीझनला दुसरा लागतच होता. खोटंही नव्हतं ते, त्याचा जुना कॅमेरा आता मधेच अडकायचा. मग तिचा कॅमेरा त्याच्या गळ्यात लग्नाला जाणार आणि त्यातले फोटो साफ करायला ती आत बसणार. छोटा घेतला तर तिच्याजवळ राहील, पण त्यात तिला हवा तसा फोटो येणार नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना ती दोन्ही कॅमेरे मनात उचलून पाहायची आणि खाली ठेवायची.

भाऊबीज माहेरी, वालूरला झाली. परतताना जीवन तिला परभणीपर्यंत सोडायला आला आणि स्टेशनजवळच्या एका दुकानात दोघं शिरले. दुकानदारानं दोन्ही कॅमेरे काचेवर मांडले.

राजेश्रीनं आधी मिररलेस उचलला. डोळ्याला लावला. रस्त्याच्या पलीकडं एक बाई सीताफळांची पाटी घेऊन बसली होती. फोकसचा छोटासा चौकोन टुणकन जाऊन तिच्या डोळ्यावर बसला. मागच्या रिक्षा, दुकानांचे बोर्ड, वायरी सगळं विरघळलं आणि ती बाई तेवढी उरली, कपाळावरच्या घामासकट. राजेश्रीनं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. आपण हसतोय हे तिला जीवनच्या तोंडाकडं पाहून कळलं.

"मॅडमना शिकायचं असेल तर हाच घ्या," दुकानदार म्हणाला. "पुढं लेन्सा वाढवता येतात. पॉकेटवाला सहलीला-बिहलीला ठीक आहे."

तिनं छोटा उचलला. सीताफळवालीला जवळ आणायला झूम केलं तशी स्क्रीन काळवंडली.

"लांबून घेतलं की उजेड कमी पडतोय ना?"

"पडणारच. याला जवळ जाऊनच काढायचं."

तिनं तो बंद केला. लेन्स आत गेली. तिनं तो पर्समधे टाकून पाहिला, चेन लावली, वरून हात फिरवला. पर्स फुगली नव्हती.

"हा द्या," ती म्हणाली.

जीवननं तिला दंडाला धरून बाजूला नेलं. "अक्का, मोठा धरल्यावर तोंड कसं झालं हुतं तुझं, बघितलं न्हाईस तू. आन हे खेळणं कामून घ्यायलीस? पैशाची फिकीर करू नको."

"पैशाचं न्हाई रे."

"मग?"

"हा लपतोय."

जीवन तिच्याकडं पाहतच राहिला. बहिणीच्या घरी तो वर्षातून दोनदा जायचा. दाजी चहा मागवायचे, सासू जेवल्याशिवाय सोडायची नाही. त्याला सगळं बरं वाटायचं.

"मी बोलतो दाजीला," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आजच बोलतो."

"नको. तू बोलून पुण्याला जाशील. मी तिथंच ऱ्हाणार हाय."

त्यानं छोट्या कॅमेऱ्याचे पैसे दिले आणि तिला एसटीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला.

घरी तिनं कॅमेरा कपाटातल्या पॅडच्या पाकिटात ठेवला. तिथं घरातलं कुणी हात घालत नव्हतं. दुपारी तानुबाईचा डोळा लागला की ती गच्चीवर जायची. चालू करताना लेन्स बाहेर येते तेव्हा बारीक घर्रर्र होतं. ते दाबायला ती कॅमेरा पदरात गुंडाळून चालू करायची. समोरच्या गच्चीवर बायका कापूस पसरायच्या, त्यांचे काढले. दोरीवरच्या ओल्या धोतरातून दिसणारं ऊन काढलं. एकदा झोपलेल्या तानुबाईचाच काढला. गालाखाली हात घेऊन सासू लहान पोरीसारखी झोपली होती. त्या तोंडाकडं इतका वेळ तिनं आजवर कधी पाहिलंच नव्हतं. पण निम्मं लक्ष फोटोत आणि निम्मं जिन्याकडं असायचं. पाय वाजले का? दार वाजलं का? तिचे पुष्कळ फोटो हलायचे. हात कॅमेऱ्यानं नाही, कानानं हलतात हे तिच्या लक्षात आलं होतं, पण त्यावर उपाय नव्हता.

एक दिवस हरिओम गंगाखेडला गेलेला असताना तिनं ते फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर उघडले होते. तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका धम्मशीला आली होती. शाळेच्या कामासाठी ती नेहमी यायची आणि तिचं लग्न जवळ आलं होतं. फोटोची ऑर्डर याच स्टुडिओला होती. हरिओम नाही म्हटल्यावर ती बोलत बोलत आतच आली आणि स्क्रीनसमोर थबकली. फोटोत तानुबाई झोपलेल्या दिसत होत्या.

"हे कुणी काढलं?"

राजेश्रीनं माऊसवर हात ठेवला, पण फोटो बंद केला नाही. "मी. कुणाला सांगू नका बाई."

धम्मशीलानं एक एक करत सगळे पाहिले. मग म्हणाली, "वहिनी, माझ्या लग्नात मी तयार होईन त्या खोलीत फोटोवाल्या माणसांना मी येऊ देणार नाही. तिथले फोटो तुम्ही काढा. पाहुणी म्हणून या. मी काकूंना आमंत्रण देऊन जाते."

तिनं खरंच तानुबाईला आमंत्रण दिलं. "नवऱ्यासंगं जायचं आन नवऱ्यासंगंच यायचं," एवढं म्हणून तानुबाईनं परवानगी दिली.

लग्न गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात होतं. नवरीच्या खोलीला पत्र्याचं छप्पर आणि एक पिवळा दिवा. धम्मशीलाची पांढरी साडी त्या दिव्याखाली हळदीत बुडवल्यासारखी दिसत होती. राजेश्रीनं पहिले चार-पाच फोटो काढले आणि तिला रडू यायचं बाकी राहिलं. दाणेदार, पिवळे, मेलेले फोटो. मोठा असता तर! मग तिनं दिवा बंद केला. बायका ओरडल्या. तिनं मागचं दार उघडलं, नवरीचा हात धरून तिला उंबऱ्याशी आणून उभं केलं. बाहेरच्या भिंतीवरून परतलेलं ऊन मऊ होऊन आत आलं आणि साडी पांढरी झाली.

कॅमेरा लांबून काढू देत नव्हता, म्हणून ती हातभर अंतरावर गेली. धम्मशीलाची आई सगुणाबाई ओठांत टाचण्या धरून लेकीच्या खांद्यावर पदर लावत होती. तोंडात टाचण्या, म्हणून बोलता येत नव्हतं. सगळं बोलणं डोळ्यांत आलं होतं. लेक खाली वाकून आईच्या विरळ झालेल्या भांगाकडं पाहत होती. राजेश्रीनं बटण दाबलं. त्या वेळी तिचे कान कुठंच नव्हते.

"चला, नवरीला बोलावलंय," म्हणत हरिओमनं पुढचं दार लोटलं. त्यानं आधी नवरीकडं पाहिलं, मग बायकोच्या हाताकडं.

मग कॅमेरा डोळ्याला लावून तो बाहेर येणाऱ्या नवरीचे फोटो काढू लागला. विधी झाले, जेवणं झाली. परतताना मोटारसायकलवर त्याची जड बॅग मांडीवर घेऊन ती मागं बसली.  घरी आल्यावर त्यानं हात पुढं केला.

"दे."

तिनं दिला.

"कुणी दिला?"

"जीवननं. भाऊबीजेला."

"आन मला सांगावं वाटलं न्हाई? चार माणसांत मला कळतंय, बायकोकडं कॅमेरा हाय म्हणून. माझी काय इज्जत ऱ्हायली?"

त्यानं तो चालू केला आणि फोटो पाहू लागला. एकामागून एक, सगळे. रागावलेला माणूस पाहील त्यापेक्षा जास्त वेळ तो पाहत होता. टाचण्यांच्या फोटोवर त्याचं बोट थांबलं. मग त्यानं कॅमेरा बंद केला, काउंटरच्या ड्रॉवरमधे टाकला, किल्ली फिरवली. "जीवनला सांग, आपल्या घरात कॅमेऱ्याची कमी न्हाई."

राजेश्री पुन्हा आतल्या खोलीत. धम्मशीलाच्या लग्नाचे हरिओमनं काढलेले फोटो तिच्यासमोर आले. एका फोटोत नवरी खोलीतून बाहेर येत होती आणि तिच्यामागं दारात राजेश्री उभी होती.

"ती मागची काढून टाक," हरिओम मागून म्हणाला.

"ती मी हाय."

"ठाऊक हाय. तरी काढ. फोटोवालं कधी अल्बमात दिसत असतंय व्हय?"

तो बोलला त्यात चूक नव्हती. मंडपातले व्हिडिओवाले, दिवे धरणारे, असे कितीतरी तिनं आजवर पुसले होते. तिनं भिंतीचा रंग उचलला आणि स्वतःवर फिरवला. आधी हात गेला, मग चेहरा. भिंत कुठं जोडली तेही कळत नव्हतं, इतकं काम साफ झालं. त्या दिवशी ती जेवली नाही. तानुबाईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. जीवनचा फोन आला, त्याला म्हणाली, "लय भारी हाय कॅमेरा. रोज काढते."

नंतर धम्मशीला नवऱ्याला घेऊन फोटो निवडायला आली. सगळे पाहून झाल्यावर तिनं हरिओमला विचारलं, "दादा, वहिनींनी काढलेले कुठे आहेत?"

"ते घरगुती हायत ओ. अल्बमात बसायचे न्हाईत."

"बसतील न बसतील. मला बघायचेत."

गिऱ्हाइकापुढं हरिओमचा इलाज नव्हता. त्यानं ड्रॉवर उघडला. मोठ्या स्क्रीनवर सगुणाबाई आल्या, ओठांत टाचण्या धरून. धम्मशीलानं खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. मग नवऱ्याला म्हणाली, "आई मला कायम रागवत असते. ती माझ्याकडे अशी बघते हे मला माहीत नव्हतं." तिनं डोळे पुसले. "दादा, अल्बमचं पहिलं पान हेच."

हरिओमनं राजेश्रीकडं पाहिलं, मग गिऱ्हाइकाकडं. "आमच्या स्टुडिओचंच काम हाय ते," तो म्हणाला. "लेडीज फोटो आमच्या मिसेसच काढतात."

तो असं म्हणाला आणि त्यानं ते पाळलंही. लग्नाचा सीझन भरात यायच्या आत तो परभणीला जाऊन आला. एक खोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. आत मिररलेस होता, दुकानात तिनं डोळ्याला लावला होता तसाच. त्याला पट्टा लावून आणला होता आणि पट्ट्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं होतं.

"आता लेडीजचं काम तुझं. संगं यायचं, संगं जायचं. सांजच्याला कार्ड माझ्याकडं द्यायचं, कोणते फोटो ठेवायचे ते मी बघीन. आन तो छोटा जीवनला परत देऊन टाक. दोन कशाला?"

तिनं कॅमेरा उचलला. तिच्या बोटांना तो अजून ओळखीचा होता. खुशी झाली, खोटं कशाला सांगा. आणि त्याच वेळी तो पट्टा मानेत पडल्यावर तिला वाटलं, आतल्या खोलीची भिंत सरकून नुसती लांब गेली.

"छोटा न्हाई देणार," ती म्हणाली.

"कामून? मोठा मिळाला की."

"मोठा दुकानाचा हाय. छोटा माझा हाय."

हरिओम बाहेर गेला. छोटा अजून ड्रॉवरमधेच होता, आणि ड्रॉवरची किल्ली त्याच्या खिशातच राहिली.

पहिली ऑर्डर एका खेड्यातल्या लग्नाची आली. मुलीच्या बापानं फोनवर मुद्दाम सांगितलं होतं, ताई येणार असल्या तरच या. निघायच्या वेळी हरिओमनं मोटारसायकल दारात काढली, हॉर्न दिला. राजेश्री आली नाही. तो आत आला. ती साडी नेसून, तयार होऊन, आतल्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मिररलेस टेबलावर होता.

"चल की. उशीर व्हायलाय."

"किल्ली द्या."

"आत्ता? वापस आल्यावर बघू."

"किल्ली द्या, मग येते."

  हरिओमचा फोन वाजायला लागला, मुलीकडचाच. त्यानं तो वाजू दिला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या तानुबाईकडं त्यानं पाहिलं. आई काहीतरी बोलेल अशी त्याला आशा असावी. तानुबाई म्हणाल्या, "मला झोपलेली काढलीय म्हणं हिनं. ती मास्तरीन सांगत हुती. मला बी बघू दे एकदा." एवढं बोलून त्या आत गेल्या. ते सुनेच्या बाजूनं होतं की नुसतं कुतूहल, हे राजेश्रीला कळलं नाही.

हरिओमनं किल्ली टेबलावर टाकली. ठेवली नाही, टाकली.

रस्त्यात तो आरशातून मागं पाहत म्हणाला, "सांजच्याला दोन्ही कार्डं देशील."

"एकच देईन. मोठ्यातलं."

त्यानं गाडीचा वेग वाढवला. तो रागावला होता, आणि आज, उद्या, पुढच्या प्रत्येक लग्नाला आपण याच्याच मागं बसून जाणार आहोत, हे तिला माहीत होतं. पर्समधला कॅमेरा प्रत्येक खड्ड्याला तिच्या बरगडीला लागत होता.

मंडपात तो सांगेल तिथं ती उभी राहिली. इकडून घे, तो आहेर घे, मामाला मधे घे. तिनं सगळं घेतलं. मग खोलीतून एक बाई हात हलवत आली, "फोटोवाल्या ताई, आत या लवकर." हरिओम सवयीनं तिच्याबरोबर दोन पावलं चालला आणि दाराशी थांबला.

आत कुणाला निऱ्या जमत नव्हत्या आणि नवरी घामेजून गेली होती. "आधी एक हात लावा ओ ताई," कुणीतरी म्हणालं. राजेश्रीनं मिररलेस गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवला, पर्स त्याच्याशेजारी ठेवली, आणि खाली बसून निऱ्या धरल्या. दाराबाहेर कोण उभं आहे, इकडं तिचे कान गेलेच नाहीत.